नळी रबरी असो, पण ऑइलची असो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या बुलेटना नवे रूप देणाऱ्या तरुणांविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ, कापून आखूड केलेले मागचे मडगार्ड, सायकलसारखी स्प्रिंगची एकेरी सीट, ही सारी कलाकुसर लेखात आणि छायाचित्रांत छान उतरली आहे. मात्र एका छायाचित्रात इंजिनापासून हेडकडे चढणारा (म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाकडे) मूळचा धातूचा ऑइल पाइप काढून त्या जागी काळी रबरी नळी लावलेली दिसते, आणि मजकुरात या बदलाचा उल्लेख ‘आधुनिक’ या एकाच विशेषणात उरकला आहे. माझी सारी नोकरी हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत गेली, आणि तिच्यातला मोठा भाग गळणाऱ्या जोडांपाशी हातात चिंधी घेऊन उकिडवे बसण्यात गेला. त्यामुळे लेखातील बाकी सगळे विसरून माझी नजर त्या नळीवरच खिळली. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांनी जुनी बुलेट जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. 1955 साली मद्रासला जुळणी सुरू झाल्यापासून पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ या गाडीचे बिडाचे इंजिन फारसे बदलले नाही. 70 मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, 90 मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा प्रवास, आणि 346 सीसी हे आकडे जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ असतात. या इंजिनाची ऑइलची टाकी वेगळी टांगलेली नसून खालच्या क्रँककेसमध्येच ओतीव कप्प्याच्या रूपाने बसवलेली असते, आणि हेडमधल्या दोन्ही रॉकरना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना, ऑइल पोचवण्यासाठी एक बारीक पाइप इंजिनाच्या बाहेरून वर जातो. त्याच्या टोकांना बँजो म्हणजे अंगठीसारखी गोल कडी असते. तिच्यातून पोकळ बोल्ट जातो आणि दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर येतात. या पाइपात दाब फार नसतो. पण तो बंद पडला किंवा गळू लागला, तर रॉकर कोरडे पडतात, टॅपेटचा आवाज वाढतो, आणि मालक मात्र कित्येक दिवस तो आवाज बुलेटचा स्वभाव समजून ऐकत राहतो.

आता प्रश्न असा की, हा पाइप धातूचा असावा की रबरी? आमच्या धंद्यात, जिथे नळीला आम्ही होज म्हणतो, याचे उत्तर फॅशनवर ठरत नाही. ज्या दोन ठिकाणांना पाइप जोडायचा आहे ती दोन्ही एकत्रच हलत असतील तर धातूचा पाइप योग्य. ती एकमेकांपासून वेगळी हलत असतील तर होज हवाच. बुलेटच्या रॉकर पाइपची दोन्ही टोके एकाच इंजिनावर आहेत. इंजिन थरथरते तेव्हा वरचे टोक आणि खालचे टोक बरोबरच थरथरतात, आणि तापल्यावर सिलिंडर वाढतो तो अर्ध्या मिलिमीटरच्या आतच. तेवढे पाइपला दिलेले वळण सहज सोसते. म्हणजे मूळ कारखान्याने तिथे धातूचा पाइप लावला, तो त्या काळी रबर मिळत नव्हते म्हणून नव्हे. याउलट ज्या गाड्यांमध्ये ऑइलची टाकी फ्रेमवर असते आणि इंजिन वेगळे हलते, तिथे लवचिक नळीवाचून गत्यंतर नसते. ऑइलची टाकी वेगळी टांगलेल्या जुन्या ट्रायम्फ आणि बीएसए गाड्यांत टाकीपाशी रबरी तुकडे असतात. 1980 साली हार्ले-डेव्हिडसनने टूर ग्लाइडमध्ये इंजिन रबरी माउंटिंगवर बसवले. अशा गाडीत कोणी हौसेने सरळसोट तांब्याचा पाइप टाकला तर तो किती दिवस टिकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

हे तत्त्व मी नोकरीत शिकलो होतो, तरी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत विसरलो, हे कबूल केले पाहिजे. ऐन तिशीत मी माझ्या बुलेटला बाहेरून एक छोटा ऑइल कूलर बसवला. तो फ्रेमच्या पुढच्या नळीला पत्र्याच्या पट्टीने टांगला आणि इंजिनापासून त्याच्यापर्यंत तांब्याचे दोन पाइप नेले. वळणे अशी सुबक घेतली होती की कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतले दोन-तीन मिस्त्री येऊन पाहून गेले. बुलेटचे इंजिन फ्रेमला थेट बोल्टने आवळलेले असते, तेव्हा दोन्ही एकत्रच हलणार, असा माझा हिशेब होता. पण कूलर ज्या पट्टीवर टांगला होता ती पट्टी आपल्याच लयीत थडथडत होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. इंजिन 3000 फेऱ्यांवर चालले तर ताशी 1,80,000 वेळा फिरते, आणि प्रत्येक फेरीचा हिसका त्या पाइपच्या एकाच जागेवर, झाळ दिलेल्या जोडाच्या लगेच पुढे, बसत होता. लहानपणी आपण तार पुढे-मागे वाकवून तोडत असू, तोच हा प्रकार. तांबे असे हलून हलून आधी कडक होते आणि मग केसाएवढी चीर पडते. पहिल्या पावसाळ्याच्या आतच दोन्हींपैकी एक पाइप चिरला. तिथे मी होज लावला, आणि पुढे गाडी विकेपर्यंत त्या जागी थेंबभर ऑइल दिसले नाही.

तेव्हा रबरी नळीला माझा विरोध आहे असा समज कृपया करून घेऊ नये. मला काळजी वाटते ती नळी निवडण्याच्या आणि बसवण्याच्या पद्धतीची, आणि तिचे कारण माझ्या पुतण्याच्या गाडीत घडले.

त्याने गेल्या हिवाळ्यात आपली जुनी 350 एका गॅरेजमध्ये सजवायला दिली. गॅरेजचे नाव लिहीत नाही, कारण हेच काम अनेक ठिकाणी असेच होते. तिथे रॉकरचा पाइप हेअरलाइन चिरलेला आढळला. नवा मागवण्याऐवजी कारागिराने चिरलेला मधला भाग हॅकसॉने कापून टाकला, दोन्ही उरलेल्या तुकड्यांवर काळी रबरी नळी ओढली आणि बाजारातल्या साध्या स्क्रूच्या क्लिपा आवळल्या. दिसायला काम स्वच्छ होते. गाडी कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंत व्यवस्थित गेली. करूळ घाट उतरताना उजव्या बुटावर काहीतरी गरम पडल्याचे त्याला जाणवले, पाठोपाठ बेंड पाइपवरून, म्हणजे इंजिनातून सायलेंसरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळीवरून, पांढरा धूर निघू लागला, आणि त्याने वळणाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. सुदैव एवढेच की ऑइल मागच्या टायरपर्यंत पोचायच्या आत तो थांबला होता. त्या घाटात ओल्या टायरने वळण घेण्याची कल्पनाही मला करवत नाही.

संध्याकाळी टेम्पोतून गाडी घरी आली तेव्हा ती नळी मी स्वतः उतरवली. वरचे टोक पाइपवरून निसटलेले होते. नळी बोटांत धरली तर खरवसाच्या वडीसारखी लुसलुशीत लागत होती, आणि कापून पाहिले तेव्हा आतला थर फुगून भोक जवळजवळ निम्मे झाले होते. क्लिपच्या पट्टीला जे आडवे खाचे असतात त्या प्रत्येक खाच्यातून रबर वर आले होते, जणू किसणीतून. पाइपचे टोक सरळ, गुळगुळीत, आणि आतल्या कडेला हॅकसॉचा बुरा तसाच राहिलेला. विचारपूस केली तेव्हा कळले की ती नळी गॅरेजच्या हवेच्या कॉम्प्रेसरची उरलेली होती.

इथेच मूळ गोम आहे. काळी नळी म्हणजे ऑइलची नळी, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. नैसर्गिक रबर खनिज ऑइल शोषते आणि फुगते. रेडिएटरच्या पाण्यासाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर पाण्याला आणि उन्हाला उत्तम टिकते, पण ऑइलपुढे तेही तसेच हरते. ऑइलसाठी निदान नायट्राइल रबर हवे, आणि तेही साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंतच निश्चिंत काम करते. एअरकूल्ड इंजिनाचे ऑइल चढावर, उन्हात, दोन माणसे बसलेली असताना त्याच्याही वर जाऊ शकते, शिवाय नळी बिडाच्या तापलेल्या सिलिंडरशेजारून जाणार. म्हणून थोडे पैसे जास्त टाकून हायड्रोजनेटेड नायट्राइलची, म्हणजे सुमारे 150 अंशांपर्यंत टिकणारी, किंवा गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरसाठी बनवलेली नळी घ्यावी. पेट्रोलची चांगली रबरी नळी ऑइलला टिकते, पण उष्णतेला टिकेलच असे नाही, तेव्हा तिच्यावरचा तापमानाचा आकडा वाचल्याशिवाय ती घेऊ नये. पेट्रोलची पारदर्शक प्लास्टिकची नळी मात्र इथे मुळीच नको. गरम ऑइलने ती मऊ पडते आणि क्लिपखालून सटकते. रंगीत सिलिकॉनच्या नळ्या सध्या फार लोकप्रिय आहेत. त्या पाण्यासाठी छान. साध्या सिलिकॉनमधून ऑइल हळूहळू पाझरते, आणि आतला थर फ्लोरोसिलिकॉनचा असल्याशिवाय ती नळी ऑइलसाठी वापरू नये.

चांगल्या नळीच्या पाठीवर दर हातभर अंतरावर छापलेले असते: कंपनी, मानक, आतला व्यास, आणि बनवल्याची तारीख किंवा तिमाही. ज्या नळीवर काहीच छापलेले नाही ती दुकानदाराने शपथ घेऊन ‘ऑइलची’ म्हटले तरी परत ठेवावी. घरी खात्री करायची असेल तर इंचभर तुकडा कापून, त्याची लांबी आणि जाडी कागदावर लिहून, तो आठवडाभर इंजिन ऑइलच्या बाटलीत बुडवून ठेवावा. पुतण्याच्या त्या कॉम्प्रेसरच्या नळीचा एक कोरा तुकडा मी असाच ठेवला होता. आठव्या दिवशी तो बाटलीच्या तोंडातून बाहेर काढताना चिमटा लागला.

जात बरोबर निवडली तरी अर्धेच काम झाले, कारण नळी मधोमध क्वचित फुटते, ती टोकाशी सुटते. कापलेल्या सरळ पाइपवर नळी ओढून क्लिप आवळणे म्हणजे गुळगुळीत काठीला दोरी बांधण्यासारखे आहे. पाइपच्या टोकाला उभार हवा; तो बीडिंगच्या हत्याराने काढता येतो, किंवा काटेरी नोझल झाळून बसवता येते. क्लिप नेहमी त्या उभाराच्या मागे यावी. खाचे आरपार कापलेल्या स्वस्त क्लिपा रबर कापतात, म्हणून आतून गुळगुळीत पट्टीच्या, कडा वळवलेल्या क्लिपा घ्याव्यात, आणि पहिल्या गरम फेरीनंतर गाडी थंड झाल्यावर त्या पुन्हा एकदा आवळाव्यात. माझा स्वतःचा सल्ला मात्र क्लिपांच्या भानगडीत न पडण्याचा आहे. ट्रॅक्टर आणि जेसीबीचे होज बनवणारी दुकाने आता तालुक्याच्या गावीही असतात. मूळचा पाइप नमुना म्हणून नेला तर ते लोक दोन्ही टोकांना योग्य मापाचे बँजो बसवून, मशिनवर दाबून, होज करून देतात. तिथला माणूस हसेल, कारण त्याच्या रोजच्या कामापुढे हा दाब म्हणजे काहीच नाही, हसू द्यावे.

मापाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आतला व्यास 8 मिलिमीटरवरून 6 वर आणला तर फरक पाव भागाचाच दिसतो. प्रत्यक्षात घट्ट ऑइलचा प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलत असल्याने तेवढ्याच दाबाला तो जेमतेम एक तृतीयांश उरतो. थंडीत पहाटे किक मारल्यावर रॉकरपर्यंत ऑइल केव्हा पोचेल, हे त्यावर ठरते. उलट वेगळ्या टाकीच्या गाड्यांत टाकीकडून पंपाकडे येणारी नळी पातळ भिंतीची असेल तर ती गरम होऊन ओढीने चपटी होते, बाहेरून काहीच गळत नाही, आणि पंप हवा ओढत राहतो. गळती निदान दिसते, हा दोष दिसतही नाही.

स्टीलच्या जाळीचे वेष्टन असलेल्या नळ्यांचे आकर्षण मी समजू शकतो, आणि आत टेफ्लॉन असेल तर त्यांच्याइतकी उष्णता दुसरी नळी सोसत नाही. परंतु ती जाळी कानशीसारखी असते. जिथे टेकते तिथला रंग, मग ॲल्युमिनियम, मग शेजारची वायर, असे सावकाश कापत जाते. टेफ्लॉनही वळण आखूड घेतले की मुडपतो आणि एकदा मुडपला की पुन्हा सरळ होत नाही. तेव्हा ती नळी रबरी आवरणाच्या क्लॅम्पमध्ये धरावी, आणि बेंड पाइपपासून चार बोटे तरी दूर ठेवावी.

जुळणी करताना घाई नको. पाइप कापावा लागलाच तर कटरने कापावा, आतला बुरा काढावा आणि पाइप रॉकेलने धुऊन हवेने फुंकावा, कारण तांब्याचा एक कण रॉकरच्या बारीक भोकात जाऊन बसला तर नवी नळी आणि जुना चिरलेला पाइप यांत काही फरक उरत नाही. तांब्याचे वायसर नवे घ्यावेत. नसतील तर जुने गॅसवर लाल करून पाण्यात टाकावेत, म्हणजे ते पुन्हा मऊ होतात आणि कमी आवळूनही बसतात. बँजो बोल्ट आतून पोकळ आणि आडव्या भोकांचा असतो. जोर दाखवला की तो तुटतो, आणि तुटलेला निम्मा भाग हेडमध्ये राहतो, ज्याची कथा वेगळ्या पत्राची आहे. नळी बसवण्याआधी तिच्यात ऑइल भरून घ्यावे, वरचा बोल्ट अर्धा फेरा सैल ठेवून इंजिन हळू चालवावे, कडेने ऑइल झिरपलेले दिसले की मगच तो आवळावा. हे करायला दोन मिनिटे लागतात, आणि जुने मिस्त्री ते न सांगता करत असत.

कायद्याचाही उल्लेख करणे भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. रॉकरची नळी त्या प्रमाणपत्रात कुठेही येत नाही. त्यामुळे रस्त्यावर अडवणारा पोलीस सायलेंसर पाहतो, नंबरप्लेट पाहतो, हॉर्न वाजवून बघतो, आणि ज्या नळीतून गरम ऑइल बेंड पाइपवर पडू शकते तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती पाहायची जबाबदारी मालकाची आणि कारागिराचीच राहते. म्हणूनच अशा गाड्यांविषयी लिहिताना आपल्या लेखकांनी कारागिराला एवढे तरी विचारावे की नळी कशाची आहे, टोके कशी धरली आहेत आणि ती केव्हा बदलायची. रबर उष्णतेने काही वर्षांत कडक होऊन तडकतेच. धातूच्या पाइपला जी मुदत नसते ती नळीला असते, आणि ती टाकीवरच्या सोनेरी रेघेइतकीच छापण्यासारखी बाब आहे.

2009च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनांत हा बाहेरचा पाइप दिसत नाही, त्यामुळे हा प्रश्न जुन्या बिडाच्या इंजिनापुरताच उरला आहे. पण सजवण्यासाठी नेमकी तीच गाडी शोधली जाते, आणि तिचे पाइप आता वीस-तीस-चाळीस वर्षांचे झाले आहेत.

पुतण्याच्या गाडीला आम्ही शेवटी रॉकरचा नवा धातूचा पाइप मागवून बसवला. हौस म्हणून त्याने त्यावर निकेल चढवून घेतले. मी आडकाठी केली नाही. ती फुगलेली नळी आणि खाच्यांची क्लिप त्याच गॅरेजच्या मालकाला नेऊन दाखवली, तेव्हा त्याने वाद न घालता ती दोन्ही आपल्या हत्यारांच्या फळीवर खिळ्याला टांगून ठेवली.

आपला,
एक निवृत्त हायड्रॉलिक फिटर,
कोल्हापूर